आवाजापायीं अडलेला खेळ

डोळा स्वभावानें उदार आहे. कान मोठा काटेकोर आहे. चित्रपटांत एका सेकंदाला २४ स्थिर चित्रें पडद्यावरून सरकतात, आणि डोळा त्यांच्यामधील अंतर आपल्या पदरचें घालून भरून काढतो. एखादें चित्र मध्येंच गळलें तरी बहुतेक प्रेक्षकांच्या तें लक्षांतहि येत नाहीं. परंतु रंगलेल्या गाण्यांत आवाज एका क्षणाच्या अल्पशा भागापुरता तुटला, तर शेवटच्या रांगेंत पेंगत बसलेला मनुष्यसुद्धां दचकून मान वर करतो. रंगभूमि, ग्रामोफोन आणि नभोवाणी ह्यांपैकीं प्रत्येकीला कानाचा हा हट्ट पुरवावा लागला. आज घरोघर येऊन बसलेल्या संगणकाची ह्यांतून सुटका नाहीं. आणि हा हट्ट पुरवितांना कधीं कधीं त्याची अशी तारांबळ उडते, कीं पडद्यावर रंगांत आलेला खेळ एकाएकीं बंद पडतो.

खेळ बंद पडण्याचें कारण आवाजांत असूं शकतें, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. शिटी बिघडली म्हणून आगगाडी थांबली, असें कोणीं सांगितलें तर आपण हंसूं. परंतु संगणकाची रचना आगगाडीसारखी नाहीं. तेथें शिटी वाजविणारा आणि गाडी हांकणारा पुष्कळदां एकाच दोरीनें बांधलेले असतात. ही दोरी कोणती, तिला गांठ कोठें पडते आणि ती न तोडतां कशी सोडवावी, हा आजचा विषय आहे. तो मुलांच्या करमणुकीपुरता मर्यादित नाहीं. ज्या यंत्रावर मुलें खेळतात, त्याच यंत्रांत बहुतेक घरांचे हिशेब, अभ्यास आणि आठवणी सांठविलेल्या असतात. आणि खेळाचा दोष काढण्याच्या घाईंत ह्या सर्वांवर पाणी पडल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी, भिलवडी आणि नांद्रे हीं स्थानकें मागें पडलीं, म्हणजे माधवनगर लागतें. त्यापुढें सांगली, विश्रामबाग आणि मिरज. ह्या माधवनगरांतील एक मध्यमवर्गीय घर कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावें. वडिलांचें कापडाचें दुकान आहे आणि त्याचे सर्व हिशेब घरच्या संगणकांत आहेत. थोरली मुलगी सांगलीला अभियांत्रिकीचें शिक्षण घेत आहे. तिचा वर्षभराचा प्रकल्प त्यांतच आहे. आजोबांनीं जुन्या छायाचित्रांच्या प्रती करवून घेतल्या, त्याहि तेथेंच. धाकटा मुलगा नववींत असून रविवारीं सायंकाळीं त्याला दोन तास खेळण्याची मुभा आहे. एके रविवारीं त्याच्या खेळांतील वीर किल्ल्याच्या दरवाजाशीं येतो. पावसाचा, घोड्यांच्या टापांचा आणि नगाऱ्याचा आवाज एकदम सुरू होतो. आणि त्याच क्षणीं पडदा गोठतो. कर्ण्यांतून नगाऱ्याचा एकच तुकडा घर्र घर्र असा पुनःपुन्हां वाजत राहतो, आणि शेवटीं निळा पडदा येऊन यंत्र आपोआप पुन्हां सुरू होतें. असें तीनदां घडतें.

“अरे, तूं यांत कांहीं तरी नको तें भरलं असशील. माझे हिशेब आहेत त्यांत!” असें वडील म्हणतात.

“नाहीं हो बाबा, मी कशालाहि हात लावला नाहीं. दरवाजापाशीं आलं कीं बंद पडतो,” असें मुलगा काकुळतीला येऊन सांगतो.

ओळखीचा दुरुस्ती करणारा तरुण दूरध्वनीवरूनच निकाल देतो: “फॉरमॅट मारून देतो, काका. दुपारपर्यंत नवा होईल.” ह्या ‘नवा होईल’ शब्दांतच सर्व धोका भरलेला आहे. फॉरमॅट मारणें म्हणजे पाटी धुवून काढणें. पाटीवरची चूक जाईल हें खरें. पण हिशेब, प्रकल्प आणि आजोबांचीं छायाचित्रें हींहि त्याच पाटीवर लिहिलेलीं आहेत.

येथें वडीलमंडळींपैकीं कोणी म्हणतील, कीं एवढा खटाटोप एका खेळासाठीं कशाला? खेळच काढून टाकावा, म्हणजे झालें. ह्याचें एक उत्तर असें, कीं दोष ड्रायव्हरांत असेल तर तो खेळ काढल्यानें जात नाहीं. आज तो खेळांत प्रगट झाला, उद्यां मुलीच्या ऑनलाइन मुलाखतीच्या वेळीं होईल. दुसरें उत्तर असें, कीं हे खेळ आतां क्षुल्लक राहिलेले नाहींत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेनें २०२० सालीं ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांच्या आधारें रचलेला खेळ जगापुढें ठेवला. अशा कृतींत चित्रकार, लेखक आणि संगीतकार ह्यांचे वर्षांचे श्रम असतात, आणि त्यांपैकीं मोठा वांटा कानासाठीं असतो.

आतां ड्रायव्हर म्हणजे काय, हें पाहावें. ह्या शब्दानें मोटार हांकणारा मनुष्य डोळ्यांसमोर येतो; परंतु संगणकांतील ड्रायव्हर हा हांकणाऱ्यापेक्षां दुभाष्याच्या अधिक जवळचा आहे. खेळ लिहिणाऱ्याला, तो कोणत्या घरीं कोणत्या यंत्रावर खेळला जाईल, हें ठाऊक नसतें. कोठें मदरबोर्डवर तैवानच्या रिअलटेकची ध्वनि-चिप असेल, कोठें वेगळें साउंड कार्ड असेल, कोठें कानाला ब्लूटूथचा हेडफोन असेल. प्रत्येकाची बोली निराळी. म्हणून खेळ आपलें म्हणणें विंडोजला सांगतो, विंडोज तें ड्रायव्हरला सांगते, आणि ड्रायव्हर तें त्या विशिष्ट चिपच्या बोलींत उतरवितो. दुभाषा चुकला, तर दोन्ही पक्ष शहाणे असूनहि भांडण होतें.

माधवनगरपासून थोड्याच अंतरावर मिरज आहे, आणि मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील कारागिरीकडे पाहिलें, म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. तंबोऱ्याचा भोपळा उत्तम, लांकूड उत्तम, तारा उत्तम. तरीहि घोडी आणि तार ह्यांच्यामध्यें सुताचा जो बारीक दोरा सरकवितात, तो जागेवर बसल्याशिवाय जवारी खुलत नाहीं. त्या दोऱ्याला गाणारे ‘जीव’ म्हणतात. किंमत कवडीची, पण तो केंसभर सरकला तरी भारी वाद्य मुकें वाटूं लागतें. अशा वेळीं शहाणा गवई भोपळा फोडीत नाहीं. दोरा सरकवून पाहतो. संगणकांतील ड्रायव्हर हा असाच दोन वस्तूंच्या मधला जीव आहे.

संगणकांत ध्वनि हा आंकड्यांच्या रूपानें वाहतो. आवाजाच्या लहरीची उंची एका सेकंदांत ठराविक वेळां मोजून ते आंकडे एकापुढें एक ठेवले, म्हणजे ध्वनि सांठविला गेला. संगीताच्या सीडीवर हें मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळां होतें. आजच्या संगणकांत बहुधा ४८,००० वेळां. विंडोज हे आंकडे सामान्यतः एका सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते, म्हणजे ४८० मोजमापांच्या गठ्ठ्यांनीं, पुढें पाठविते. जुन्या विहिरीवरील रहाटगाडग्याची येथें आठवण व्हावी. माळेंतील गाडगीं एका बाजूला भरतात व दुसऱ्या बाजूला रिकामीं होतात. संगणकाच्या स्मृतींत अशीच एक वर्तुळाकार माळ असते. खेळ एका बाजूनें तिच्यांत आंकडे भरतो, चिप दुसऱ्या बाजूनें ते वाचून घेते. भरणाऱ्याला शंभरांश सेकंदाचा उशीर झाला, कीं कानाला खरखर ऐकूं येते.

रहाटगाडग्यांत आणि ह्या माळेंत एक फरक मात्र आहे, आणि घर्र घर्र आवाजाचें रहस्य त्यांतच आहे. विहिरीवरचें गाडगें ओतलें कीं रिकामें होतें. संगणकाच्या माळेंतील आंकडे वाचले तरी नवे येईपर्यंत जागच्या जागीं राहतात. त्यामुळें मुख्य यंत्र गोठलें आणि भरणें थांबलें, तरी चिप बापडी तीच माळ फिरवीत तेच आंकडे पुनःपुन्हां वाचीत बसते. म्हणून तो तुकडा घर्र घर्र वाजतो. ह्यावरून एक महत्त्वाचा धडा मिळतो. घर्घराट ऐकूं आला म्हणजे आवाजाच्या यंत्रणेंतच दोष आहे, असें ठरत नाहीं. दुसऱ्याच कारणानें यंत्र गोठलें तरीहि असाच आवाज येईल. घर्घराट हा साक्षीदार आहे. आरोपी कोण, हें तपासाअंतीं ठरवावयाचें आहे.

हा झगडा आजचा नाहीं. १९८७ मध्यें कॅनडांतील ॲडलिब आणि १९८९ मध्यें सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचें साउंड ब्लास्टर, हीं कार्डें बाजारांत आलीं आणि तोंवर नुसता ‘टूं टूं’ करणारा घरगुती संगणक गाऊं लागला. त्या डॉसच्या काळांत प्रत्येक खेळ आपला दुभाषा बरोबर घेऊन येई. १९९३ सालच्या ‘डूम’सारखा खेळ प्रथम बसवितांना घरांतील कार्ड कोणतें, त्याचा पत्ता कोणता, त्याची घंटा कितवी, असे प्रश्न विचारी. पत्ता २२०, घंटा ५, वाहिनी १, हे आंकडे त्या पिढीच्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असत. घंटेचा आंकडा चुकला, तर आवाजाचा पहिला तुकडा वाजून खेळ ताटकळत बसे, कारण ‘वाजवून झालें, पुढचें आण’ ही खूण त्याच्यापर्यंत पोहोंचतच नसे. घंटा ७ बहुधा प्रिंटरच्या वाट्याची. ती आवाजाला दिली, तर दोघांची तेथें गांठ पडण्याचा संभव असे.

१९९५ सालीं विंडोज ९५ आणि त्यामागोमाग डायरेक्टएक्स आलें, आणि हे आंकडे विचारण्याची कटकट बरीचशी संपली. दुभाषा आतां खेळाचा न राहतां यंत्राचा झाला. सोय मोठी झाली; परंतु तिच्याबरोबर धोकाहि मोठा झाला. वाड्याला जशी ओसरी आणि माजघर, तशीच विंडोजच्या रचनेंत एक बाहेरची जागा व एक आंतली गाभ्याची जागा असते. खेळ ओसरीवर बसतो. तो कोसळला तर एकटा कोसळतो. ड्रायव्हरांपैकीं पुष्कळांना मात्र माजघरांत प्रवेश असतो. तेथें एकाचा पाय घसरला, तर सर्व वाड्याचा दिवा विझतो. निळा पडदा येतो तो ह्यामुळें. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००३ सालीं एका निबंधांत असें नमूद केलें, कीं विंडोज एक्सपीवरील त्या सुमारास नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकीं ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरांमुळें झालेले होते. त्यांत सर्व तऱ्हेचे ड्रायव्हर आले. पण आवाजाचे त्यांतून वगळलेले नव्हते.

२००७ च्या जानेवारींत सर्वांना उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टांत ध्वनियंत्रणेचा बराच भाग माजघरांतून उचलून ओसरीवर आणून ठेवण्यांत आला. त्यामुळें आवाजाच्या चुकीनें सबंध यंत्र बंद पडण्याचा संभव घटला. परंतु जुन्या खेळांना जो सरळ कार्डापर्यंतचा मार्ग होता, तो बंद झाला, आणि त्यांचा चहूंकडून ऐकूं येणारा आवाज हरपला. क्रिएटिव्हनें मग आपल्या कार्डांसाठीं अल्केमी नांवाचें एक मध्यस्थ साधन काढून ती वाट पुन्हां जोडून दिली. दुभाष्याला दुभाषा जोडण्याचाच हा प्रकार झाला.

एवढें होऊनहि दोष समूळ गेला नाहीं. २०२१ सालीं विंडोज ११ आल्यानंतर असें आढळलें, कीं इंटेलच्या स्मार्ट साउंड ह्या ध्वनि-ड्रायव्हरच्या कांहीं विशिष्ट आवृत्ति ११व्या पिढीच्या कोअर प्रोसेसरच्या यंत्रांवर निळा पडदा आणूं शकतात. तेव्हां मायक्रोसॉफ्टनें तशा यंत्रांना ती सुधारणा देण्याचें थांबवून आधीं ड्रायव्हर बदलण्यास सांगितलें. २०२४ च्या डिसेंबरांत डिरॅक ह्या आवाज सुधारणाऱ्या साधनासंबंधीं असाच प्रकार झाला; विंडोजची नवी आवृत्ति घेतल्यावर कांहीं यंत्रांना आपले स्वतःचे कर्णेच ओळखूं येईनात. मोठमोठ्या संस्थांच्या हातून हें होतें, तर घरच्या मुलाला एकदम दोषी ठरविणें न्यायाचें नाहीं.

पुन्हां माधवनगरच्या त्या घराकडे वळूं. थोरली मुलगी म्हणते, “बाबा, फॉरमॅट करायच्या आधीं मला एक संध्याकाळ द्या.” प्रथम ती हिशेब, प्रकल्प, छायाचित्रें आणि भावाच्या खेळांत जतन झालेली प्रगति ह्यांची प्रत एका वेगळ्या डिस्कवर काढून ती कपाटांत ठेवते. रोग्याला हात लावण्यापूर्वीं वैद्यानें हात धुवावे, तसें हें पहिलें काम आहे; तें झाल्याशिवाय दुसरें करूं नये.

मग ती मरणाची रीत पाहते. संगणक तीन रीतींनीं खेळ सोडतो. पहिली, खेळ एकटाच नाहींसा होतो आणि मागील पडदा शाबूत राहतो. दुसरी, निळा पडदा येऊन सर्व यंत्र पुन्हां सुरू होतें. तिसरी, कोणतीहि सूचना न देतां दिवा विझावा तसें सर्व एकदम काळें होतें. तिसऱ्या रीतींत विजेचा पुरवठा किंवा यंत्राची उष्णता ह्यांवर आधीं संशय घ्यावा. ज्या गांवांत उन्हाळ्यांत वीज येते जाते, तेथें हें विशेष ध्यानांत ठेवावें. पहिल्या दोन रीतींत ड्रायव्हरची चौकशी करावी. विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर ही जणूं पोलीस पाटलाची नोंदवही आहे. खेळ कोणत्या वेळीं पडला आणि पडतांना कोणत्या फाइलचा पाय घसरला, हें तेथें ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ ह्या शीर्षकाखालीं मिळतें. त्या फाइलच्या नांवांत ऑडिओ, साउंड किंवा रिअलटेक ह्यांची खूण असेल, तर संशयाला आधार मिळाला. रिलायबिलिटी मॉनिटर हीच हकीकत दिवसवार मांडून दाखवितो, आणि बिघाड सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं यंत्रांत काय नवें आलें, हें त्यावरून कळतें.

परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. ह्यापुढची परीक्षा सोपी व निर्णायक आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्यें जाऊन आवाजाचें साधन तात्पुरतें बंद करावें आणि मुक्यानें खेळ खेळावा. त्या घरांत धाकटा भाऊ अर्धा तास निःशब्द खेळतो. किल्ल्याचा दरवाजा उघडतो, पावसाच्या धारा दिसतात, घोडे धांवतात, आणि यंत्र चालत राहतें. कांहीं जुने खेळ आवाजाचें साधन मुळींच नसलें तर सुरू होण्यासच नकार देतात. अशा वेळीं यूएसबीचा साधा हेडफोन शेजारून उसना आणून जोडावा. तो विंडोजच्या स्वतःच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतो. म्हणजे आवाज येईल, पण संशयित दुभाषा मध्यें नसेल. त्या हेडफोनवर खेळ नीट चालला आणि मूळ साधनावर पडला, तर आरोप जवळ जवळ सिद्ध झाला. दोन्हींवर सारखाच पडला, तर आवाजाला निर्दोष सोडून चित्राचा ड्रायव्हर, स्मृति किंवा खेळाच्या स्वतःच्या फाइली ह्यांकडे वळावें. नुसती खरखर येत असेल, पण खेळ पडत नसेल, तर पुष्कळदां वायफायचा किंवा दुसरा एखादा ड्रायव्हर मधला वेळ खाऊन टाकीत असतो, हेंहि विसरूं नये.

दोष ठरला, म्हणजे उपाय सौम्यापासून तीव्राकडे न्यावे. पहिला उपाय यंत्र ‘रीस्टार्ट’ करण्याचा. ‘शट डाउन’ करून पुन्हां लावणें आणि ‘रीस्टार्ट’ करणें ह्यांत अंतर आहे. विंडोज १० व ११ मध्यें ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर बंद करतांना माजघराची स्थिति जशीच्या तशी जतन होते आणि जुनी गांठ दुसऱ्या दिवशीं तशीच परत येते. ‘रीस्टार्ट’ केल्यानें ती सुटते.

दुसरा उपाय आवाजाच्या वाटा कमी करण्याचा. एका यंत्राला मदरबोर्डचा आवाज, एचडीएमआयच्या तारेवरून दूरचित्रवाणीचा आवाज आणि ब्लूटूथचा आवाज, असे तीन धनी असतात. हेडफोनची बॅटरी संपली, कीं खेळाच्या मध्येंच धनी बदलतो, आणि कांहीं खेळांना तो बदल सोसत नाहीं. म्हणून एकच साधन ठरवून बाकीचीं बंद ठेवावीं. तिसरा उपाय थाटमाट उतरविण्याचा. ध्वनीच्या गुणधर्मांत जाऊन मोजमाप १६ बिट व ४८,००० वर आणावें. ‘एन्हान्समेंट’ आणि ‘स्पेशियल साउंड’ बंद करावें. एका खेळाला साधनाचा एकट्याचा ताबा देणारी ‘एक्सक्लुसिव्ह’ सवलत काढून घ्यावी. पुष्कळदां मुख्य ड्रायव्हर ठीक असतो आणि त्यावर चढविलेला हा साजच गळ्याशीं येतो.

चौथा उपाय ड्रायव्हर बदलण्याचा. बिघाड नुकत्याच आलेल्या सुधारणेनंतर सुरू झाला असेल, तर ‘रोल बॅक’ करून मागची आवृत्ति आणावी. ती सोय नसेल, तर यंत्राच्या उत्पादकाच्या स्वतःच्या स्थळावरून नेमक्या त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. तोहि न मिळाला, तर असलेला ड्रायव्हर त्याच्या फाइलींसह काढून यंत्र पुन्हां सुरू करावें. विंडोज आपला साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’चा ड्रायव्हर बसविते. त्यांत दागिने नसतात, पण बहुधा भांडणहि नसतें. हें करण्यापूर्वीं ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा, म्हणजे मागें फिरण्याची वाट मोकळी राहते. खेळ जुना असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. डायरेक्टएक्सच्या जुन्या भागांपैकीं कांहीं भाग नव्या विंडोजबरोबर येत नाहींत. आवाजाची एक्सऑडिओ ही फाइल त्यांत येते. मायक्रोसॉफ्टनें जून २०१० मध्यें काढलेला संच बसविल्यानें ती उणीव भरून निघते.

ह्या सर्व उपायांना एक पथ्य आहे: एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत तारखेसह लिहावा, आणि त्याच जागीं तोच खेळ खेळून पाहावा. घाईघाईनें एकदम पांच गोष्टी बदलल्या आणि खेळ सुरू झाला, तर आनंद होतो. पण कोणत्या गुणानें गुण आला, हें कळत नाहीं, आणि पुढच्या वेळीं तीच अडचण पुन्हां नव्यानें सोसावी लागते. माधवनगरच्या त्या मुलीच्या वहींत चार ओळी होतात. सुधारणा कोणत्या दिवशीं आली, तिच्यानंतर कोणत्या रविवारीं खेळ पडला, मागची आवृत्ति केव्हां आणली, आणि त्यानंतर दरवाजा किती वेळां सुखरूप ओलांडला. त्या चार ओळी वाचल्यावर वडील मुलाला म्हणतात, “बरं, तुझी चूक नव्हती. पुढच्या वेळीं मात्र ताईला आधीं सांग.” फॉरमॅटची गोष्ट पुन्हां निघत नाहीं.

कांहीं गोष्टी मात्र कटाक्षानें टाळाव्या. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका टिचकीसरशी नवे करून देतों’ असें सांगणारीं जीं अनोळखी साधनें फुकट मिळतात, तीं घरांत घेऊं नयेत. ड्रायव्हराला माजघरांत प्रवेश असतो. अनोळखी मनुष्याच्या हातीं माजघराची किल्ली देण्यासारखेंच तें होईल. नवें तें उत्तम, हा नियमहि येथें चालत नाहीं. जो दुभाषा वर्षभर बिनतक्रार काम करीत आहे, त्याला केवळ जुना म्हणून काढूं नये. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. अशा जुन्या यंत्रांवर चांगला चाललेला ड्रायव्हर आजच एका पेनड्राइव्हवर जपून ठेवणें शहाणपणाचें आहे, कारण जुन्या मॉडेलांचे ड्रायव्हर उत्पादकांच्या स्थळांवर कायम राहतातच असें नाहीं. आणि फॉरमॅट हा उपाय वर्ज्य नसला, तरी त्याची जागा सर्वांत शेवटची आहे. तो केल्यावरहि तोच सदोष ड्रायव्हर आपोआप परत बसला, तर सर्व पुसून जाऊन दोष तेवढा शिल्लक राहतो.

घरांतील वडीलधाऱ्यांना ह्यांतील प्रत्येक नांव लक्षांत ठेवण्याची आवश्यकता नाहीं. क्रम लक्षांत ठेवावा: आधीं प्रत काढावी, मग नोंदवही पाहावी, मग संशयिताला थोडा वेळ बाहेर बसवून पाहावें, आणि मग सौम्य उपाय करावा. ही रीत संगणकापुरती नाहीं. बिघडलेल्या यंत्रापुढें बसलेल्या मनुष्याला रागावण्याची जितकी घाई असते, तितकी ऐकून घेण्याची नसते. मुलगा ‘दरवाजापाशीं आलं कीं बंद पडतो’ असें सांगत होता, तेंच सर्व तपासाचें मूळ होतें; कारण दरवाजापाशींच नगारा वाजूं लागतो. दोष आवाजाचा होता, आणि त्याचा पत्ता ज्याला आधीं लागला, त्याच्याकडे कोणी कान दिला नव्हता.